पाऊस नसलेला अहवाल



आज सकाळी खेडकडून येताना लोटे मागे टाकलं, परशुराम घाट उतरायला लागलो आणि खाली वाशिष्ठी नदी दिसली. तुमच्या या पदवीदानाच्या निमंत्रणपत्रात विषय दिला होता, 'राष्ट्रीय पर्यावरण धोरण आणि आर्थिक विकास यांचा समतोल'. घाटातल्या प्रत्येक वळणावर तो शेवटचा शब्द मी घोळवत होतो. समतोल म्हटलं की तराजू आला, दोन पारडी आली. काटा कुठे झुकतोय यावर वाद घालायला सगळे तयार असतात. पारड्यात मुळात काय काय घातलंय, ते बघायला फारसं कोणी वाकत नाही.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचंच घ्या. मी कारखान्यांच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. माझं पोट रसायनशास्त्रावर भरलं. तीस वर्षं सांडपाण्याचे नमुने तपासण्यात गेली. कोकण कित्येक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगलं. चाकरमानी गणपतीला येणार आणि बाकी वर्षभर घरात म्हातारी माणसं राहणार, हेच आपलं अर्थशास्त्र होतं. औद्योगिक वसाहत आली तेव्हा काही घरांतला मुलगा रोज रात्री आपल्याच घरी जेवू लागला. त्या पगाराला नाकं मुरडणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींशी माझं कधी जमलं नाही.

मात्र माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011 साली जो अहवाल दिला, त्यात लोट्याबद्दलचे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. कारखान्यांत कामाला असलेले 11,000. आणि प्रदूषणामुळे रोजगार बुडालेले, मच्छीमारांच्या सांगण्याप्रमाणे, 20,000. दुसरा आकडा हा दावा आहे, मोजणी नव्हे. मला खुपतं ते तिथेच. पहिल्या आकड्यामागे हजेरीपट आहे. खाडीत जाळं टाकणाऱ्याचा हजेरीपट कोण ठेवतो? मासा मेला तर एखादा पंचनामा होतो, पण मासा यायचाच थांबला तर त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ऑगस्ट 2007 ते ऑक्टोबर 2009 या काळात रत्नागिरी जिल्ह्यात 191 दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते. म्हणजे ज्यांची मोजणी झाली नाही, त्यांनी एकत्र येऊन बोलायचं म्हटलं तरी पंचाईत.

माझी स्वतःचीही एक गोष्ट सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. वरिष्ठांनी सांगितलं, नमुना सकाळी दहाला घ्यायचा. रात्री दोनला नाल्याचं पाणी वेगळ्या रंगाचं असतं, हे फाटकावरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. मी दहाला घेतला. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप, लिटरला 250 मिलिग्रॅमच्या मर्यादेत आला आणि मी सही केली. आकडा शंभर टक्के खरा होता. लबाडी होती ती घड्याळात. त्या सहीबद्दल मला कोणी कधी विचारलं नाही, म्हणून आज तुमच्यासमोर आपणहून सांगतोय.

धोरणाबद्दल बोलायचं तर आपल्याकडे कायद्यांची वाण कधीच नव्हती. 1974 चा जल कायदा आहे, भोपाळनंतरचा 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. या दुसऱ्या कायद्यातली कैदेची शिक्षा 2023 च्या जनविश्वास कायद्याने काढून दंड आणला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. उद्योगाला अडवणूक नको, हा त्यामागचा युक्तिवाद मला कळतो. तसंही तुरुंगात कोण गेलं होतं? पण मोठ्या कंपनीचा हिशेबनीस पंधरा लाख कुठल्या रकान्यात लिहील, हे तुमच्यातले वाणिज्यवाले मला सांगू शकतील.

गाडगीळ अहवालानंतर कस्तुरीरंगन समिती नेमली गेली. तिने 2013 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र पश्चिम घाटाच्या सुमारे 37 टक्क्यांवर आणलं. त्याच्या अधिसूचनेचा मसुदा 2014 ते 2024 या काळात सहा वेळा निघाला. याच काळात, 30 जुलै 2014 रोजी, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 रोजी, वायनाडमध्ये डोंगर खाली आला आणि दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा प्रसिद्ध झाला. गावांनी विरोध केला म्हणून अंतिम अधिसूचनेचं घोडं अडलं, असं सांगतात. केला, खरं आहे. यादीत आपल्या गावाचं नाव अचानक दिसलं, तर गोठा बांधायला तरी परवानगी मिळेल का, हीच शंका कोणाच्याही मनात आधी येणार. अहवाल ग्रामसभेपुढे त्यांच्या भाषेत ठेवा, असं गाडगीळ सांगत राहिले. जी गावं देवराईतली वाळकी काटकीही उचलत नाहीत, त्यांना जंगलाचं वावडं आहे असं मानणं मला जड जातं.

आता तुमच्या कामाचं. तुमच्यातले काहीजण ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारे अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपन्यांत जातील. फी प्रकल्पवालाच देतो, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. दुसरी गोष्ट कळायला वेळ लागेल. बहुतेक प्रकल्पांत पायाभूत मोजणी एका हंगामाची करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या कोकणाचं वर्णन पाऊस वगळून! 2021 च्या 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली होतं. तुमच्यातले बरेचजण तेव्हा अकरावी-बारावीत असतील, माळ्यावर चढून रात्र काढली असेल. त्या पाण्याला अशा अहवालात जागाच नसते. पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो, मराठीत येतो तो गोषवारा.

काही वर्षांपूर्वी एका जनसुनावणीला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. पुढे सल्लागार कंपनीची एक मुलगी पडद्यावर नकाशा दाखवत होती. असेल तुमच्याच वयाची. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाय, आमचा पऱ्या खंय दिसत नाय यात." मुलीने कागद चाळले. तिथे 'कोरडा नाला' असं लिहिलं होतं. मोजणी मार्च ते मे मधली. मंचावरचे साहेब 'पुढचा प्रश्न' म्हणाले. ती मात्र माईकवर म्हणाली, "आजी, मी पावसात पाहिलेला नाही. बघून सांगते."

जुलैत ती आली. स्वतःच्या खर्चाने, एसटीने. आजींच्या नातवाने पऱ्याच्या दोन्ही काठांवर दोरी धरली. तिने रुंदी लिहून घेतली, अकरा मीटर. मधोमध उतरता आलं नाही, म्हणून खोलीचा रकाना तिने मोकळा ठेवला आणि शेजारी कारण लिहिलं.