खूण कुणाची?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे 'आपल्या केंद्राची ओळख कशी घडवावी'. कार्यक्रमपत्रिकेवर त्याच्यापुढे 'ब्रँडिंग' असंही लिहिलेलं आहे. तो शब्द वाचून काहीजणींनी नाक मुरडलं, ते चहाच्या वेळी माझ्या कानावर आलं. काही वर्षांपूर्वी मीही मुरडलं असतं. ब्रँड असतो तो साबणाचा, टूथपेस्टचा. आपली ती चळवळ. पण १९८० साली मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध आपल्या आधीच्या बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांनी हातानं पोस्टरं रंगवलीच ना? नंतर बिल्ले आले, स्त्री-चिन्हाच्या गोलातली मूठ आली. तीही ओळखच होती. फक्त ती काय असावी हे ठरवणाऱ्या बाया आणि ती छातीवर लावणाऱ्या बाया एकच होत्या.

मी एकाच केंद्राची गोष्ट सांगणार आहे. केंद्राचं नाव मात्र घेणार नाही. इथे येताना तिथल्या बायांना विचारायचं राहून गेलं, आणि गोष्ट ऐकल्यावर तुम्हाला कळेल की न विचारता नाव वापरणं मला आता जमण्यासारखं नाही.

केंद्र इचलकरंजीत, एका कामगार वस्तीत आहे. यंत्रमागाचं गाव. पुरुष मागावर, बाया कांड्या भरायला किंवा घरी शिलाईला. आमची खोली आठवड्यातून चार दुपारी उघडी असते. बाया वाकळ शिवतात, मुली चित्रं काढतात, कधी मातीकाम होतं. घराबाहेर बसून काहीतरी मनासारखं करायची वस्तीतली ही एकच जागा. मराठी, कानडी, दखनी तिन्ही भाषा एकाच वेळी चालू असतात. पाटीबिटी काही नव्हती. सगळ्यांना खोली माहीत होती, मग पाटी कशाला?

पाटी लागते हे आम्हाला कळलं ते दोन प्रसंगांनी. एका प्रदर्शनात आमच्या टेबलावर, ज्यांनी मांडवाचा खर्च दिला त्या कंपनीच्या नावाचा फलक लागला. लोक येऊन 'कंपनीचं काम छान आहे' म्हणून गेले. दुसरा प्रसंग पुण्यातल्या एका दुकानातला. आम्ही कधीतरी एका व्यापाऱ्याला विकलेली वाकळ तिथे दुकानाच्या लेबलखाली टांगलेली होती, आमच्या भावाच्या चौपट किमतीला. आमच्या गटातल्या एका मावशींनी ती ओळखली. कशावरून? काठावरून. "ही माज्या सासूच्या लुगड्याची किनार," असं म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या. दुकानातल्या मुलीनं त्यांना "हात लावू नका" म्हणून सांगितलं.

मावशींना त्यांचं काम किनारीवरून ओळखता येतं. विकत घेणाऱ्याला कसं येणार? म्हणून खूण हवी. 'बोधचिन्ह' हा माझा शब्द, बाया पहिल्यापासून 'खूण' म्हणतात. मीही आता तेच म्हणते.

त्याच सुमारास एका कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून केंद्राला मदत मिळाली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के अशा कामावर खर्च करावे लागतात, हे आपल्याला माहीत आहे. त्या अंदाजपत्रकात 'ओळख-निर्मिती' म्हणून १५,००० रुपये होते. मी पुण्याच्या एका डिझायनर मुलीला बोलावलं. मुलगी मनापासून काम करणारी, हे आधीच सांगते. नाहीतर गोष्टीत शहरातली डिझायनर आली की ती खलनायिका ठरते. तिनं एक दिवस खोलीत काढला, फोटो घेतले आणि पंधरा दिवसांनी तीन नमुने पाठवले.

मला पहिला फार आवडला. बाईचा चेहरा, नाकडोळे नाहीत, फक्त डोक्यावरचा पदर आणि कपाळावर मोठं गोल लाल कुंकू. मी तोच मोठा छापून भिंतीवर लावला आणि बाया खूश होतील म्हणून वाट बघत बसले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "सगळ्यांचं नवरं जित्तं हायत का हितं?"

खोलीत तेव्हा अठ्ठावीस बाया होत्या. सहाजणी विधवा, चौघींना नवऱ्यानं टाकलेलं, पाचजणी मुसलमान. म्हणजे निम्म्याहून जास्त बायांना त्या कुंकवानं दाराबाहेर ठेवलं होतं, आणि ते चित्र भिंतीवर लावलं होतं मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या बाईनं. त्यातही हे गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ते कात्रण आमच्या खोलीत भिंतीवर होतं. मी कुंकवाचं चित्र लावलं ते त्याच्या शेजारीच.

एक मुसलमान चाची हसून म्हणाल्या, "मेरे कपाल पे तो कब्बीच नै था. मंग मैं कौन?" आणि एक तरुण मुलगी म्हणाली, "ताई, हिला डोळं का न्हाईत?" त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'कुठलीही बाई' दाखवायची म्हणून चेहरा कोरा ठेवतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "कुठलीबी बाई आंधळी असती व्हय?"

दुसऱ्या नमुन्यात कमळ होतं. ते का चाललं नाही हे सांगायला नको. तिसऱ्यात वारली पद्धतीची नाचणारी माणसं होती. त्यावर मीच थांबले. वारली चित्रं मूळची लग्नघरातली, चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि ज्या सवाशिणींच्या हातातून ही कला आली त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला येतात? आज रेल्वे स्टेशनपासून चहाच्या कपापर्यंत कुठेही 'लोककला' म्हटलं की तीच त्रिकोणी माणसं चिकटवतात. इचलकरंजीच्या कांडीवालीनं डहाणूची खूण का लावायची?

मग रंगाचा वाद. हा दोन दुपारी चालला. तुमच्या वस्तीतही असंच असेल, प्रत्येक रंगाला मालक असतो. भगवा कुणाचा, हिरवा कुणाचा, निळा कुणाचा, हे शेंबडं पोर सांगेल. पांढरा म्हणाल तर तो रांडावपणाचा. मी जांभळा सुचवला, स्त्री-चळवळीचा म्हणून. इंग्लंडमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायांनी १९०८ साली जांभळा, पांढरा आणि हिरवा असे रंग घेतले होते, तेही सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाली, "जांभळा पयल्या धुन्यात उडतुया." शेवटी ठरला डाळिंबी. प्रत्येकीच्या घरात, आईच्या किंवा आजीच्या पेटीत, त्या रंगाचं एक तरी इरकल होतं. धर्म कुठलाही असो.

आता खुणेकडे येते. वाकळ शिवताना धावदोरा कडेनं घालत आत आत नेतात. कोपरा आला की दोरा वळतो, त्याच्या आतला वळतो, त्याच्या आतला वळतो. एका दुपारी चित्रांच्या कागदावर एका बाईनं तो नुसता कोपरा काढला. पाच ओळी, तुटक तुटक, कोपऱ्यात वळलेल्या. ही बाई नवऱ्यानं टाकलेली, कांड्या भरून दोन मुली वाढवणारी, बैठकीत सहसा न बोलणारी. एकीला त्यात उंबरा दिसला, दुसरीला शेताचा बांध. वाचता न येणाऱ्या आजी म्हणाल्या, "ह्ये मला वाचता आलं." डिझायनरला फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन आला. एका रंगात उठतं, रबरी शिक्क्याएवढं लहान केलं तरी राहतं, झेरॉक्सवर मरत नाही. खुणेची खरी परीक्षा हीच, हे मी तिच्याकडून शिकले. चार रंगांतलं सुंदर चित्र पावतीपुस्तकावर काळा डाग होऊन बसतं.

तिचं आणि बायांचं एकाच गोष्टीवर वाजलं. ती म्हणाली, खूण प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच हवी, नाहीतर लोक ओळखणार कसे? बाया म्हणाल्या, वाकळीवर आम्ही ती हातानं घालणार, प्रत्येकीचा टाका वेगळा. तडजोड अशी झाली की कागदावरची आणि पाटीवरची खूण कायम एकच, पण कापडावर जिची तिची. मला वाटतं डिझायनरला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी ठिकठिकाणी सांगत असे आणि टाळ्या मिळत. खरी अडचण पुढे आली. वार्षिक अहवालात मी लिहिलं, 'एका लाभार्थी महिलेच्या रेखाटनावरून बोधचिन्ह तयार करण्यात आले.' तिच्या थोरल्या मुलीनं ते वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती अहवाल घेऊन आली. "ताई, कंपनीचं नाव हाय, डिझायनरबाईंचं हाय, तुमचं हाय. लाभार्थी म्हंजे मीच न्हवं?"

मग बैठक. एक बाजू म्हणाली, कोपऱ्याचा धावदोरा काय तिनं शोधला? आमच्या आज्या घालत आल्या. दुसरी बाजू म्हणाली, आज्या घालत आल्या, पण कागदावर खूण म्हणून काढला हिनंच. तुमच्यापैकी कुणाला सुचलं? दोन्ही खरंच आहे. आणि पैसे? १५,००० डिझायनरसाठी धरलेले. बाहेरचीनं काढलं असतं तर दिले असते, मग आतलीला का नाहीत? बऱ्याच भांडणानंतर ६,००० तिला आणि ९,००० डिझायनरला, अक्षरं आणि नीटनेटकं रेखाटन केल्याबद्दल, असं ठरलं. डिझायनरनं कुरकुर केली नाही. दोघी-तिघी आमच्यातल्याच अजून धुसफुसतात.

कायद्याचं थोडं सांगते, कारण ते मी उशिरा वाचलं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे रेखाटनाचा पहिला हक्क काढणारीचा. पगारी नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल तर मालकाचा. पैसे देऊन करून घेतलेल्या रंगचित्राला आणि छायाचित्राला निराळा नियम आहे, पण बोधचिन्ह आपण पैसे दिले म्हणून आपोआप आपलं झालं असं धरून चालू नका. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी. कागदात मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांचाच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. तुमच्यापैकी किती जणींकडे आपल्या बोधचिन्हाचा असा कागद आहे? माझ्याकडे नव्हता. पुढे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी करता येते, ती दहा वर्षांची आणि नूतनीकरण करता येणारी असते. संघटनेच्या सभासदांसाठी 'सामूहिक चिन्ह' अशीही सोय त्यात आहे.

लिज्जत पापडाचं उदाहरण आपण नेहमी देतो. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, १९६२ साली 'लिज्जत' हे नाव घेतलं. पापड लाटणारी प्रत्येक बाई तिथे मालकीण. पण जाहिरातीत आपल्याला आठवतो तो रामदास पाध्यांचा ससा! ससा गोडच आहे, माझी तक्रार नाही. पण वस्तू बायांची असली आणि धंदा बायांचा असला, तरी चेहरा कुणाचा दिसणार हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

आमच्या कागदावर तिनं सही केली. वापराचा हक्क केंद्राला, बाहेरच्या कुणालाही द्यायचा झाला तर बैठकीत, आणि ती हजर असताना. अहवाल आम्ही पुन्हा छापला, तिचं नाव घालून. पाटी गावातल्याच पेंटरनं रंगवली. कंपनीचं नाव खाली, लहान. त्यावरून दोन पत्रं आली, ती वेगळी गोष्ट.

आता त्याच कंपनीकडून विचारणा आली आहे. दिवाळीच्या भेटींसाठी ४०० पिशव्या हव्यात, आमची खूण आणि त्यांचं चिन्ह शेजारीशेजारी. ४०० पिशव्या म्हणजे बावीस बायांचं दोन महिन्यांचं काम. बहुतेकींना ऑर्डर हवी आहे, आणि का नको? मावशी म्हणतात, पुण्याच्या दुकानात पुन्हा जायचं नाही. जिनं खूण काढली ती गेल्या बैठकीत काही बोलली नाही, "मुलींना इचारून सांगते" एवढंच म्हणाली. येत्या गुरुवारी पुढची बैठक आहे. मला मत विचारलं तर मी सांगीन, पण माझा हात त्यात मोजायचा नाही असं आमचं ठरलं आहे.