एम. जे. मार्केटचं आइस्क्रीम
(गतवर्षीच्या गणेशोत्सवात सभासदांच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने विषय दिला होता, 'हैदराबादेतलं माझं आवडतं ठिकाण'. माझ्या आधीच्या वक्त्यांनी गोवळकोंडा घेतला, सालारजंग संग्रहालय घेतलं. मी घरी विचारात पडलो, तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्ही सरळ आइस्क्रीमवर बोला. दुसरीकडे कुठे तुम्ही आपणहून जाता?" तेव्हा आज मी तुम्हाला मोअज्जमजाही मार्केटात नेणार आहे. आपण सगळे त्याला एम. जे. मार्केट म्हणतो.

आबिड्स आणि कोठीपासून जवळच, घड्याळाचा मनोरा असलेली ती ग्रॅनाइटची इमारत तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९३५ साली ती उभी राहिली आणि त्यांच्या मुलाचं नाव तिला मिळालं. हा मुळात फळबाजार. पुढे घाऊक फळबाजार शहराबाहेर गेला, इमारत बरीच खंगली आणि अलीकडे तिची नीट डागडुजी होऊन २०२० साली ती पुन्हा सजली. पण फळांनी आपली एक आठवण तिथे ठेवली, ती म्हणजे आइस्क्रीमची दुकानं. 'फेमस' १९५१ पासूनचं. शेजारी 'शाह' आहे, आणखीही आहेत. मोकळ्या आवारात खुर्च्या मांडलेल्या असतात. संगीत नाही, एसी नाही. कबुतरं मात्र भरपूर.

तिथली खासियत म्हणजे हाताने फिरवलेलं, फळांचं आइस्क्रीम. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींनी लहानपणी पॉट फिरवलेला असेलच. लाकडी पिंप, आत पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मीठ कशाला, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. शून्य अंशाला साखर घातलेलं दूध काही गोठत नाही, त्याला त्याहून जास्त थंडी लागते. बर्फात मीठ मिसळलं की तो शून्याखालीच वितळू लागतो, प्रमाण नेमकं जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत, आणि वितळताना डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेतो. दांडा सतत फिरवायचा तो बर्फाचे स्फटिक बारीक राहावेत म्हणून. हात थांबला की आइस्क्रीम खरखरीत झालंच!

आता सीताफळाचं पाहा. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून दूध आधी आटवायचं, पूर्ण गार करायचं आणि मग गर घालायचा. त्याआधी एकेक बी हाताने काढायची. घरी चार सीताफळांचा गर काढून बघा, म्हणजे त्या कपाची किंमत जास्त वाटणार नाही.

आणि हे सीताफळ कुठलं? 'बालानगर' ही प्रसिद्ध जात आपल्या शेजारच्या महबूबनगर भागातली. तिकडे बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १९५६ पर्यंत महबूबनगर आणि बीड एकाच राज्यात होते, हे इथे बसलेल्या मराठवाड्याच्या मंडळींना सांगायला नको. सरहद्द माणसांनी आखली, सीताफळाने ती फारशी मनावर घेतलेली नाही. गणपती उठले की सीताफळाचा हंगाम भरात येतो. उन्हाळ्यात आंबा असतो, एरवी चिकू, अंजीर. म्हणून तिथे गेल्यावर पाटी वाचू नका, "आज क्या ताजा है?" एवढंच विचारा.

मी १९८७ साली नोकरीनिमित्त सांगलीहून इथे आलो. तेलुगू येत नव्हतं आणि हिंदी सिनेमातलं. खोलीवर एकटा. ऑफिसात कामापुरतं बोलणं, बाकी दिवसभर तोंड बंद. परक्या गावात माणसाला पहिल्यांदा काय खटकतं? जेवण नव्हे. आपण बोलायच्या आधी मनात भाषांतर करावं लागतं, ते खटकतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे भोगलेलं आहे.

एका संध्याकाळी ऑफिसातले एक सहकारी मला एम. जे. मार्केटला घेऊन गेले. मी चिकूचं आइस्क्रीम खाल्लं. दुकानातला माणूस म्हणाला, "साब, अंजीर भी ताजा है, एक और?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नको." आता याला हिंदीत काय म्हणावं, म्हणून मी शब्द शोधू लागलो. तर तो शांतपणे म्हणाला, "नक्को? अच्छा, नक्को तो नक्को." आणि कप घेऊन गेला.

मंडळी, मी बघतच राहिलो. सहकारी हसून म्हणाले, "अरे, ये तो हमारा ही लफ्ज है!" दखनीत हा शब्द मराठीतूनच गेला, हे मला पुढे कळलं. आपल्या आधी कित्येक पिढ्यांपूर्वी आपला शब्द इथे येऊन राहिला होता, त्याला घरही मिळालं होतं. त्या रात्री मी सांगलीला आईला पत्र लिहिलं, त्यात नोकरीपेक्षा या 'नक्को'विषयीच जास्त होतं. पुढच्या शनिवारी मी परत गेलो आणि अंजीर खाल्लं.

तेव्हापासून जातोच आहे. लग्नानंतर सौ.ला इथलं पहिलं काय दाखवलं असेल, ते सांगायला नको. मुलीचा दहावीचा निकाल, आई-वडिलांची हैदराबादची पहिली फेरी, सगळं त्या खुर्च्यांवर झालं. वडील कवळी सांभाळत म्हणाले होते, "गाव बरं आहे रे तुझं." 'तुझं' म्हणाले ते. माझ्या बदलीसाठी तोवर तेच खटपट करत होते, त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

हे सगळं आज का सांगतो? आमच्या वसाहतीजवळ असंच एक छोटं घरगुती आइस्क्रीमचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं. चव उतरली नव्हती. भाडं वाढलं, गर काढायला माणसं मिळेनात, मुलाने दुसरी नोकरी धरली. मालक म्हणाले, "लोगां आते नहीं साब, घर पे मंगाते." फ्रीजमधल्या डब्यांशी माझं भांडण नाही. फक्त डब्यावरची अक्षरं वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असेल, तर तिथे वनस्पती तेल असतं. दोन्ही कायदेशीर आहेत, पण आपण काय खातो ते आपल्याला ठाऊक असावं.

पण मुद्दा तेलाचा नाही. डबा घरी येतो, "नक्को तो नक्को" म्हणणारा माणूस घरी येत नाही. यंदाही आपल्यात नवी मुलं-मुली आली आहेत. कोणी पुण्याची, कोणी अमरावतीची, आयटीत कामाला. चौदा मजल्यांवर काम, चौदाव्या मजल्यावर राहणं, जेवण मोबाइलवर. वर्षभर राहूनही त्यांना हैदराबादी माणूस भेटलेला नसतो. त्यांच्यासाठी माझी समितीला एक सूचना आहे. अनंत चतुर्दशीला बाळापूरच्या गणपतीची मोठी मिरवणूक याच एम. जे. मार्केटवरून हुसेनसागरकडे जाते. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण त्यानंतरच्या पहिल्या रविवारी या नव्या मुलांना आपण तिथे नेऊ या. वर्गणी नको, हार-तुरे नकोत. प्रत्येकी एक सीताफळ, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाशी दोन वाक्यं.

पहिल्या कपाचे पैसे मी देईन. दुसऱ्यासाठी मात्र मला विचारलंत, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. नक्को!

गणपती बाप्पा मोरया!