साखळीचा ताण

मोटारसायकल ही मध्यम स्थितींतील कुटुंबाची आज एक कर्ती सभासदच होऊन बसली आहे. मुलांना शाळेंत पोंचविणें, कचेरी गांठणें, रात्रीं-अपरात्रीं औषध आणणें, हीं सारीं कामें ती निमूटपणें करते. परंतु एके दिवशीं सकाळीं इंजिन सुरू होतांच, पत्र्याच्या डब्यांत खडे हालवावेत तशी खरखर सिलिंडरच्या बाजूनें ऐकूं येते. वेग किंचित् वाढविला कीं ती दबते. वेग सोडतांच पुन्हां उमटते. अशा वेळीं कोणी तिकडे दुर्लक्ष करतो, तर कोणी मिळेल त्या उपायानें आवाज बंद करून घेतो. हे दोन्ही मार्ग सारखेच महाग पडण्याचा संभव असतो. कारण प्रश्न आवाजाचा नसून एका साखळीच्या ताणाचा असतो.

हा ताण समजण्यासाठीं इंजिनाच्या पोटांत डोकावलें पाहिजे. दट्ट्याच्या चार धावांत, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत, हवा व इंधन आंत घेणारी आणि जळलेला वायु बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा एकेकदांच उघडतात. त्या उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरावा लागतो. म्हणून क्रँकवरील दांतेरी चक्राला जितके दांते, त्याच्या दुप्पट कॅमच्या चक्राला असतात, आणि दोहोंना एक साखळी जोडते. गॅरेजमध्यें तिला ‘टायमिंग चेन’ म्हणतात. क्रँकचे मिनिटाला ६००० फेरे होत असतील, तर कॅमचे ३००० होतात. त्यांत एका दांत्याचीहि चूक चालत नाहीं.

जुन्या बुलेटला कॅमसाठीं अशी साखळी नव्हती. तिचे कॅम खालीं क्रँकजवळ असत व लांब दांड्यांनीं झडपा उघडल्या जात. १९८५ सालीं आलेल्या हीरो होंडा सी. डी. १०० या गाडींत कॅम वर असून तो साखळीनें फिरे. पुढें ही रचना सर्वत्र रूढ झाली, आणि २०२३ सालीं नव्या बुलेट ३५० मध्येंहि तीच आली.

साखळी वापरानें सैल पडते, हें सायकल चालविणाऱ्यास सांगावयास नको. लोखंड ताणून लांबतें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कड्या जोडणाऱ्या पिना व त्यांचीं भोकें झिजतात, आणि प्रत्येक कडीची ती सूक्ष्म झीज मिळून साखळी लांब होते. सायकलचें चाक मागें ओढून हें ढिलेपण काढतां येतें. इंजिनांत क्रँक व कॅम आपापली जागा सोडूं शकत नाहींत. म्हणून साखळीच्या सैल बाजूस एक वांकडी पट्टी टेकविलेली असते, आणि त्या पट्टीला मागून रेटणारें एक लहानसें साधन सिलिंडरला बाहेरून बसवितात. तोच टेन्शनर.

१९६९ सालच्या होंडा सी. बी. ७५० सारख्या गाड्यांत ठराविक अंतरानें बोल्ट सैल करून, स्प्रिंगला ढिलेपण घेऊं देऊन, बोल्ट पुन्हां आवळावा लागे. नंतरचे बहुतेक टेन्शनर हें काम आपणच करतात. त्यांतील एका प्रचलित जातींत गुंडाळलेली स्प्रिंग एक पेच फिरविते. पेचाबरोबर दांडा पुढें सरकतो, पण साखळीच्या धक्क्यानें मागें येत नाहीं. पेच झिजला किंवा स्प्रिंग थकली, कीं दांडा माघार घेऊं लागतो.

मात्र प्रत्येक आवाज साखळीचा नव्हे. टॅपेटची टकटक सुटी व मोजून घेतल्यासारखी असते. साखळीची खरखर सलग व घासटती असते. म्हणून प्रथम ऑइलची पातळी पाहावी व टॅपेटचें अंतर तपासावें. मग लांब पेचकसाचें टोंक टेन्शनरजवळ टेकवून त्याची मूठ कानाशीं धरली, तर आवाजाचें मूळ बरेंचसें कळतें.

दुरुस्ती थंड इंजिनावर करावी आणि त्या गाडीची माहितीपुस्तिका शेजारीं ठेवावी. क्रँक नेहमींच्या दिशेनेंच हळूहळू फिरवून दट्ट्या दाबाच्या धावेच्या शिरोभागीं आणावा. त्या वेळीं चक्रावरील ‘टी’ ही खूण खिडकींतील खुणेसमोर येते व दोन्ही टॅपेट किंचित् सैल लागतात. नंतर टेन्शनरच्या पाठीवरील लहान बोल्ट काढून, आंतील खांचेंत बारीक पेचकस घालून तो उजवीकडे फिरवावा, म्हणजे दांडा आंत जातो. तो तसाच धरून दोन्ही बोल्ट सोडावेत. दांडा आंत न घेतां हे बोल्ट नुसते सैल केले, तर दांडा पुढें उडी घेतो, आणि पुन्हां आवळतांना साखळी अतोनात ताणली जाते. टेन्शनर बाहेर असतांना क्रँक तिळभरहि फिरवूं नये, हा या कामांतील मुख्य नियम.

नवा टेन्शनर दांडा आंत घेऊनच, नव्या पॅकिंगसह बसवावा. बोल्ट आवळल्यावर पेचकस काढला, कीं दांडा पट्टीला जाऊन टेकतो. पाठीवरचा लहान बोल्ट बसवावा, क्रँक हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा, आणि क्रँक व कॅम या दोहोंच्या खुणा जुळल्या तरच इंजिन सुरू करावें.

कांहीं ठिकाणीं याऐवजीं साधा बोल्ट बसवून, आवाज थांबेपर्यंत तो पिळण्याचा उपाय सुचविला जातो. त्यांत मोठा धोका आहे. ॲल्युमिनियमचें इंजिन तापलें म्हणजे पोलादी साखळीपेक्षां अधिक प्रसरण पावतें व साखळी आणखी ताणली जाते. थंडपणीं गच्च आवळलेली साखळी उष्णपणीं पट्टी, पिना व दांते खाऊं लागते. उलट, खरखर तशीच चालूं दिली तर सैल साखळी एके दिवशीं दांता चुकविते. झडप व दट्ट्या यांची टक्कर होऊं शकते, आणि एका लहान सुट्या भागाच्या खर्चाऐवजीं सारें इंजिन उघडण्याचा प्रसंग येतो.

मालकानें काढलेला टेन्शनर मिस्त्रीकडून मागून घ्यावा व त्याचा बाहेर आलेला दांडा अंगठ्यानें दाबून पाहावा. तो आंत सरकला, तर दोष टेन्शनरचा. तो ठाम राहिला, परंतु इंजिनांत असतांना जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आला होता, तर साखळीच झिजली आहे. तेव्हां साखळी, पट्ट्या व दांतेरी चक्रें तपासल्यावांचून नुसत्या नव्या टेन्शनरवर पैसा घालूं नये.