नेटवर्क कार्डाची ओळख



हैदराबादेतील अफझलगंज येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८९१ साली ‘आसफिया’ या नावाने स्थापन झाले. उर्दू व तेलुगूबरोबर मराठी ग्रंथही तेथे जतन झाले आहेत. एवढ्या संग्रहात हवा तो ग्रंथ सापडतो, तो तालिकेतील क्रमांकामुळे. १९९१ साली उदयास आलेली लिनक्स ही मुक्त संगणकप्रणालीही नेटवर्क कार्ड अशाच क्रमांकाने ओळखते.

कार्ड बसवूनही जोडणी झाली नाही, की ते निकामी ठरविण्याची घाई होते. वस्तुतः प्रत्येक पीसीआय कार्डात निर्मात्याचा व उपकरणाचा असे दोन क्रमांक नोंदलेले असतात. इंटेलचा क्रमांक ८०८६ हा आहे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिल्यावर कार्डाची नोंद पडद्यावर उमटली, तर बहुधा उणीव कार्डात नसून त्या क्रमांकाला जुळणाऱ्या ड्रायव्हरची असते. काही कार्डांना निर्मात्याचे फर्मवेअरही लागते. ते प्रणालीत नसेल, तर दुसऱ्या संगणकावरून आणून बसवावे लागू शकते.

लहान ग्रंथालयाला नवा संगणक सहजासहजी परवडत नाही. म्हणून जुना मोडीत काढण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य व्हावी. त्या संगणकावरच वाचकाची ग्रंथापर्यंतची वाट अवलंबून असते.