ग्रीक-रोमन दैवते : कथा आणि सेवा



प्राचीन ग्रीक व रोमन देवदेवतांविषयी मी चार शब्द बोलावेत अशी संयोजकांची इच्छा आहे. या दैवतांशी आपला परिचय बहुधा शाळेतील इंग्रजी पुस्तकांतून झालेला असतो. झ्यूस म्हणजे वज्र फेकणारा आणि परस्त्रियांच्या मागे लागणारा, हेरा म्हणजे त्याची मत्सरी पत्नी, हर्मीझ म्हणजे पायांत पंखांची पादत्राणे घातलेला देवांचा दूत. गोष्टी रंजक आहेत यात संशय नाही. परंतु इंद्र-अहल्येची कथा तेवढी वाचून एखादा परदेशी गृहस्थ आपल्या देवळातील नित्याची पूजाअर्चा समजू पाहील, तर त्याच्या हाती काय लागेल? त्या कथांतून त्या धर्माचे आपल्या हाती तितकेच लागते.

नावांचे नाते मात्र आधी सांगतो, कारण संस्कृतज्ञांस ते सुखविणारे आहे. ग्रीकांचा झ्यूस, रोमनांचा ज्युपिटर आणि ऋग्वेदातील द्यौः पिता ही एकाच प्राचीन नामाची रूपे होत. ग्रीकांची ईऑस, रोमनांची ऑरोरा आणि आपली उषा यांचेही तसेच. यावरून मोठमोठे सिद्धान्त रचण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. शब्द एक म्हणून आचार एक असे होत नाही. आमच्याकडे द्यौः वेदकाळातच मागे पडला, तिकडे तो देवांचा राजा झाला.

तेव्हा आचाराकडेच वळू. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर अथीनेची एक जुनी मूर्ती होती. ती ऑलिव्हच्या लाकडाची होती आणि आकाशातून पडली अशी लोकांची श्रद्धा होती. जगप्रसिद्ध झाली ती फिडियासने घडविलेली सोन्याची व हस्तिदंताची भव्य मूर्ती. पण पॅनाथेनीया उत्सवात महावस्त्र अर्पण होई ते या जुन्या काष्ठमूर्तीला. तिचे पौरोहित्य स्त्रीकडे असे, आणि ती स्त्री एका ठराविक घराण्यातलीच लागे. लिसिमाखी नावाच्या पुजारिणीने चौसष्ट वर्षे देवीची सेवा केली, असे प्लिनी नोंदवितो. एल्युसिस येथील गूढ व्रतविधींचे अधिकारही अशाच दोन घराण्यांत वाटलेले होते.

फिडियासची मूर्ती इ.स.पू. ४३८ मध्ये पार्थेनॉनमध्ये स्थापन झाली. तिच्या अंगावर चाळीस टॅलंट, म्हणजे हजार किलोहून अधिक सोने होते, आणि ते काढता-घालता येई अशी योजना होती. स्पार्टाशी युद्ध जुंपले तेव्हा पेरिक्लीझने नगराच्या साधनसंपत्तीत हे सोनेही मोजले. गरज पडल्यास वापरावे, मात्र तितकेच परत करावे, या अटीवर. देवीच्या खजिनदारांनी दरसाल नव्या खजिनदारांच्या हवाली केलेल्या वस्तूंच्या याद्या दगडावर कोरलेल्या सापडतात. रुप्याची भांडी किती, त्यांचे वजन किती, सारे काही त्यांत आहे. महाजन मंडळींस या याद्या होमरच्या काव्यापेक्षा अधिक ओळखीच्या वाटतील, असा माझा कयास आहे!

आता रोमकडे येऊ. रोमच्या उत्तरेस व्हेई नावाचे एट्रुस्कन नगर होते आणि जूनो तेथील नगरदेवता होती. इ.स.पू. ३९६ मध्ये कॅमिलसच्या सेनेने ते नगर जिंकले. हल्ल्यापूर्वी त्याने जूनोची प्रार्थना केली होती की, तू हे नगर सोडून आमच्याबरोबर रोमला ये, तुझ्या योग्यतेचे मंदिर आम्ही तुला बांधू. जवळजवळ चार शतकांनंतर लिव्हीने पुढची हकीकत लिहून ठेवली आहे. नगर पडल्यावर निवडक तरुणांनी स्नान केले, शुभ्र वस्त्रे नेसली आणि ते मंदिरात शिरले. पण मूर्तीला हात लावण्यास ते कचरले, कारण विशिष्ट घराण्यातील पुजाऱ्याखेरीज कोणी तिला शिवत नसे. तेव्हा एकाने विचारले, रोमला येतेस का? हे त्याने दैवी प्रेरणेने विचारले की तारुण्यसुलभ थट्टेने, याचा निर्णय लिव्ही करीत नाही. बाकीचे ओरडले, देवीने मान हलविली! मूर्ती सहज उचलली गेली, जणू ती आपण होऊन चालत होती. रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवर तिचे मंदिर उभे राहिले.

देव हलविणे ही गोष्ट आपणांस नवीन नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. परंतु तेथे मूर्ती उचलणारे हात भक्तांचे होते. व्हेईत ते शत्रूचे होते, आणि तरीही देवीला विचारल्यावाचून पुढे होण्याचा धीर त्यांना झाला नाही. नगरातील स्वतंत्र प्रजेला मात्र कोणी काही विचारले नाही. ती गुलाम म्हणून विकली गेली. मूर्तीला शिवण्याचा ज्यांचा अधिकार होता, त्या घराण्याचे काय झाले, हे लिव्ही सांगत नाही.

या धर्माचा शेवट कसा झाला, हे वेस्टेच्या मंदिरात सर्वांत स्पष्ट दिसते. त्या गोल मंदिरात मूर्ती नव्हती. अग्नी हीच देवता. तो राखण्यासाठी सहा कुमारिका असत. सहा ते दहा वर्षांच्या वयात त्यांची निवड होई आणि तीस वर्षे त्यांना व्रतस्थ राहावे लागे. अग्नी विझला तर दोषी कुमारिकेला मुख्य धर्माधिकाऱ्याच्या हातचे फटके बसत. इ.स. ३८२ मध्ये ग्रेशियन या ख्रिस्ती सम्राटाने त्यांचा सरकारी निर्वाह बंद केला आणि मृत्युपत्राने त्यांना मिळणाऱ्या जमिनीही सरकारजमा करविल्या. ३८४ मध्ये सिमॅकस या रोमच्या नगराधिकाऱ्याने नव्या सम्राटाकडे विनंतीअर्ज धाडला. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला उत्तर दिले : ख्रिस्ती कुमारिका वेतनावाचून व्रत पाळतात, तुमच्या मूठभर कुमारिकांना भत्ते आणि मानमरातब का लागावेत? हा टोला पुष्कळांना बिनतोड वाटला. मला तो तसा वाटत नाही. भत्ता तोडणे एक आणि श्रद्धेने कोणी देवकार्यास दिलेली जमीन काढून घेणे दुसरे. सिमॅकसची तक्रार दोहोंविषयी होती. पण अर्ज नामंजूर झाला, आणि ३९१-९२ च्या थिओडोशियसच्या आज्ञांनी उघड पूजाच बंद पडली. वेस्टेचा अग्नीही याच सुमारास विझला.

त्या कुमारिकांच्या निवासाचे अवशेष रोमच्या फोरममध्ये आहेत. तेथे एका पुतळ्याची बैठक आहे, इ.स. ३६४ ची. अग्नी विझण्याच्या जेमतेम तीस वर्षे आधीची. एका मुख्य कुमारिकेच्या शीलाची, व्रतनिष्ठेची आणि धर्मज्ञानाची स्तुती तीवर कोरली आहे. नाव मात्र कोणी तरी छिन्नीने खरवडून काढले आहे. तिने नवा धर्म स्वीकारला म्हणून तसे केले असावे, असा काही विद्वानांचा तर्क आहे. स्तुती अजून वाचता येते. नावाचे पहिले अक्षर तेवढे उरले आहे.