टेक्सासमधील रविवार

टेक्सास हें नांव कानीं पडतांच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा रुंद कडांची टोपी घातलेला घोडेस्वार गुराखी, त्याच्या मागें उठलेला धुळीचा लोट आणि क्षितिजावरची एखादी तेलाची विहीर उभी राहते. चित्रपटांनीं हें चित्र इतकें पक्कें करून ठेवलें आहे कीं, त्या राज्यांत राहावयास गेलेला माणूसहि पहिले कांहीं महिने त्या गुराख्याच्या वाटेकडे नकळत डोळे लावून असतो. त्याला भेटतात ते मात्र वाहनांनीं भरलेले हमरस्ते आणि दृष्टि पोंचणार नाहीं एवढीं दुकानांचीं आवारें. आमच्या येथें सारेंच मोठें, असें तेथील लोक अभिमानानें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक क्षेत्रफळाच्या या राज्यांत वस्ती आहे ती सुमारें तीन कोटींची. पूर्वेच्या सीमेवरून सकाळीं निघालेली मोटार दिवसभर धांवली, तरी दिवस मावळण्यापूर्वीं ती पश्चिमेची सीमा गांठीलच असें नाहीं.

परंतु रविवारच्या सुटीला या मोठेपणाचा उपयोग काय? पश्चिमेकडील बिग बेंडचे डोंगर आणि कडे भव्य खरेच. पण ह्यूस्टनहून तेथें पोंचावयालाच सबंध दिवस खर्ची पडतो. म्हणून ज्यांना तेथें वर्षानुवर्षें संसार करावयाचा आहे, अशीं कुटुंबें लौकरच एक निराळें शिक्षण घेतात. घरापासून तास-दीड तासाच्या आंत काय आहे, आणि तें कोणत्या महिन्यांत, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं पाहावयाचें, हें तें शिक्षण होय. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिन या शहरांतून आतां मराठी घरें बरींच आहेत. त्यांनाहि तें चुकलेलें नाहीं.

नवख्याला पहिला धक्का बसतो तो जागेचा. मुलूख अफाट, पण पाय टाकावयास मोकळी भूमि थोडी. राज्यांतील शंभर भागांपैकीं सुमारें पंचाण्णव भाग जमीन खासगी मालकीची आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोगणती तारेचें कुंपण धांवत असतें. पलीकडे ओढा दिसतो, ओकच्या झाडाखालची सांवली दिसते. परंतु तेथें सतरंजी पसरून डबा उघडण्याचा अधिकार वाटसरूला नाहीं. महाराष्ट्रांत टेकडीवरच्या एखाद्या देवळाकडे निघालेल्या माणसाला परवानगी कोणाची घेतली, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. टेक्सासमध्यें तो प्रश्न कुंपणावरची पाटीच विचारते. त्यामुळें राज्यानें राखलेल्या सार्वजनिक उद्यानांना तेथें केवढें तरी मोल आहे. डॅलस आणि ह्यूस्टन यांच्या दरम्यान फेअरफील्ड लेक नांवाच्या तळ्याकांठीं १९७६ पासून असें एक उद्यान होतें. जमीन राज्याची नव्हती. एका वीज कंपनीनें ती वापरावयास दिलेली होती. २०२३ सालीं ती विकली गेली. नव्या मालकाला तेथें श्रीमंतांची वसाहत उभारावयाची होती. राज्य-उद्यानांच्या शताब्दीचा उत्सव ज्या वर्षीं चालू होता, त्याच वर्षाच्या जून महिन्यांत या उद्यानाचें फाटक लोकांना कायमचें बंद झालें. नोव्हेंबरांत मतदारांनीं नव्या उद्यानांच्या जमिनींसाठीं एक अब्ज डॉलरांचा निधि मंजूर केला. गमावल्यावर लोकांना किंमत कळली, असें म्हणणें सोपें आहे. पण नातवाला घेऊन तेथें गळ टाकून बसणाऱ्या एखाद्या आजोबांना ती आधींपासूनच ठाऊक असली पाहिजे.

कुंपणाच्या अलीकडची, रस्त्याच्या कडेची पट्टी तेवढी सर्वांची. टेक्सासचा वसंत याच पट्टीवर अवतरतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिल सरेपर्यंत तेथें ब्लूबॉनेट नांवाचीं निळीं फुलें उमलतात. वीत-दीड वीत उंचीचा देंठ, त्यावर खालून वर फुलत जाणारा तुरा आणि त्याच्या शेंड्याला पांढरा ठिपका. जुन्या काळीं शेतकऱ्यांच्या बायका उन्हासाठीं जी टोपी घालीत, तिच्यासारखा पाकळीचा आकार म्हणून हें नांव पडलें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें हें फूल तूर-हरभऱ्याच्या कुळांतलें. त्याच्या मुळांवरहि तशाच गांठी असतात आणि हवेंतील नत्र त्या जमिनीला मिळवून देतात. १९०१ सालीं विधिमंडळांत राज्याचें फूल ठरविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां कोणी कापसाच्या बोंडाचा, तर कोणी निवडुंगाच्या फुलाचा कैवार घेतला. जिंकलें तें हें रानफूल. पण त्याची नेमकी कोणती जात, हा वाद पुढें रेंगाळत राहिला आणि अखेर १९७१ सालीं विधिमंडळानें राज्यांत आढळणाऱ्या सर्वच जातींना तो मान देऊन टाकला. वाद मिटविण्याची ही तऱ्हा इतर विधिमंडळांनींहि विचारांत घेण्याजोगी आहे.

ही शोभा केवळ निसर्गाची नव्हे. रस्त्यांचें सरकारी खातें १९३० नंतरच्या दशकापासून या फुलांची काळजी वाहत आलें आहे. तें दरवर्षीं रानफुलांचें बीं पेरतें आणि फुलें गळून शेंगा पिकेपर्यंत कडेच्या गवताला यंत्र लावीत नाहीं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन या टेक्सासच्याच. १९६५ सालीं हमरस्त्यांच्या सुशोभनाचा जो कायदा झाला, त्यामागें त्यांचा आग्रह होता. १९८२ सालीं, आपल्या सत्तराव्या वाढदिवशीं, त्यांनीं ऑस्टिन येथें रानफुलांच्या अभ्यासाची संस्था काढली. फुलें आलीं कीं त्या रविवारीं रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागते आणि आईबाप लेकरांना निळाईंत बसवून छायाचित्रें घेतात. परकर-पोलक्यांतली एखादी मराठी चिमुरडीहि त्यांत असते. पोर क्षणभर हंसतें आणि लगेच रडूं लागतें, कारण तेथील तांबड्या मुंग्या भयंकर चावऱ्या असतात. छायाचित्रांत त्या दिसत नाहींत एवढेंच. हें फूल तोडणें गुन्हा आहे, असें जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. वस्तुतः असा खास कायदा नाहीं. नसलेल्या कायद्याचें इतकें मनोभावें पालन अन्यत्र क्वचितच होत असेल.

फुलें जातात आणि ऊन येतें. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारीं घराबाहेर पडणें म्हणजे भट्टीचें दार उघडणें होय. अशा दिवसांत ऑस्टिनचे रहिवासी शहराच्या मध्यभागींच असलेल्या बार्टन झऱ्यांकडे वळतात. चुनखडीच्या भेगाळ खडकांत मुरलेलें पावसाचें पाणी तेथें भूगर्भांतून वर येतें आणि सुमारें तीन एकरांचा तलाव भरून वाहतें. बाराहि महिने त्याचें तपमान २० ते २१ अंशांच्या आसपास असतें. गांवच्या विहिरीचें पाणी वैशाखांत गार आणि पौषांत कोमट कां लागतें, हें ज्यानें अंगावर घेतलें आहे, त्याला यांतील गंमत कळेल. ऑगस्टांत पहिली उडी घेणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. थंडीच्या पहाटे त्याच पाण्यावर वाफ तरंगत असते आणि कांहीं वृद्ध माणसें नेमानें तींत पोहत असतात.

हें पाणी सर्वांचें, असें आज सहज म्हटलें जातें. तें पूर्वीं तसें नव्हतें. कृष्णवर्णीय नागरिकांना या तलावांत उतरण्याची मनाई होती. १९६० सालीं शाळेंत शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलीनें त्यांत उडी घेतली, मग इतरहि उतरूं लागले, आणि १९६२ सालीं ती बंदी नाहींशी झाली. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं काय घडलें, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या उडीचा अर्थ समजावून सांगावयास नको. पुढें संकट आलें तें निराळें. ज्या खडकांतून हें पाणी मुरतें, त्यांवर हजारों एकरांची वसाहत आणि गोल्फचीं मैदानें उभारण्याचा बेत १९९० च्या जूनमध्यें नगरपरिषदेपुढें आला. बोलण्यासाठीं शेंकडों नागरिकांनीं नांवें दिलीं. सभा रात्रभर चालली आणि उजाडतां उजाडतां परिषदेनें तो बेत एकमतानें फेटाळला. दोन वर्षांनीं मतदारांनीं झऱ्यांच्या रक्षणाचा नियमच संमत करून घेतला. त्या पाण्यांत राहणारा बोटाएवढा सॅलॅमँडर, म्हणजे दिसावयास पालीसारखा पण बेडकाच्या वर्गांतला प्राणी, १९९७ सालीं संकटग्रस्त जीवांच्या यादींत गेला. तेव्हांपासून पोहणारांना एका मूक कुळाची सोबत आहे.

झऱ्यांचें पाणी शांत असलें, तरी त्याच टेकाड प्रदेशांतील नद्या विश्वासू नाहींत. मातीचा थर पातळ आणि खालीं खडक; त्यामुळें मोठा पाऊस मुरण्याऐवजीं धांवत सुटतो. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वादलूप नदीला जो लोंढा आला, त्यांत एकट्या कर काउंटींत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. सुटीच्या शिबिराला आलेल्या लहान मुलीहि त्यांत होत्या. नदीकांठची सहल आजहि निघते. पण निघण्यापूर्वीं कोणी तरी हवामानाचें भाकीत मोठ्यानें वाचतो आणि बाकीचे गप्प बसून ऐकतात.

ह्यूस्टनकरांचा रविवार दक्षिणेला समुद्राकडे जातो. गॅल्व्हेस्टन बेटाच्या टोकावरून बोलिव्हरच्या भूशिरापर्यंत राज्य सरकारची फेरीबोट चालते. ती रात्रंदिवस चालते आणि तिला भाडें नाहीं. मोटार आंत घालावी, कठड्याशीं येऊन उभें राहावें आणि सुमारें वीस मिनिटें वारा खावा. ह्यूस्टन बंदराकडे निघालेलीं अजस्र तेलवाहू जहाजें जवळून जातात. मध्येंच डॉल्फिनची पाठ चमकते. तपकिरी पेलिकन पक्षी पाण्याला पंख टेकतील कीं काय, इतक्या खालून रांगेनें उडत असतात. डीडीटीच्या विषानें या किनाऱ्यावरचे पेलिकन जवळजवळ नष्ट झाले होते. अमेरिकेंत १९७२ सालीं डीडीटीवर बंदी आली, पक्षी हळूहळू परतले आणि २००९ सालीं त्यांचें नांव संकटग्रस्तांच्या यादींतून निघालें. पलीकडे पोंचल्यावर विशेष कांहीं करावयाचें नसतें. पुष्कळ लोक तसेच रांगेंत लागून पुढच्या बोटीनें परत येतात.

तथापि ज्या कौतुकासाठीं ऑस्टिनमध्यें पाहुण्याला हमखास नेलें जातें, तें पाहावयास भर शहरांतील एका पुलापाशीं जावें लागतें. काँग्रेस ॲव्हेन्यूचा हा पूल १९८० सालीं नव्यानें बांधला गेला. त्याच्या पोटाशीं इंचभर रुंदीच्या खोल फटी राहिल्या, आणि मोकळ्या शेपटीच्या मेक्सिकन वटवाघळांना त्या इतक्या पसंत पडल्या कीं, त्यांनीं लाखांनीं मुक्काम ठोकला. नागरिक घाबरले. या प्राण्यांपासून पिसाळरोग पसरेल, त्यांचा नायनाट करावा, अशी ओरड झाली. १९८६ सालीं मर्लिन टटल हे वटवाघळांचे अभ्यासक आपल्या संस्थेसह ऑस्टिनला येऊन राहिले आणि लोकांना धीरानें समजावूं लागले कीं, हातांत धरलें नाहीं तर हें जनावर कोणाच्या वाटेस जात नाहीं. तोळाभर वजनाचें हें वटवाघूळ रात्रभर कीटक टिपीत हिंडतें. त्यांत अमेरिकन बोंडअळीचे पतंगहि असतात. वऱ्हाड-खानदेशांतल्या कापूसवाल्याला या पाहुण्याची योग्यता अधिक सांगावयास नको. माद्या मार्चच्या सुमारास मेक्सिकोहून येतात, जूनमध्यें प्रत्येकीला एक पिल्लूं होतें आणि ऑगस्टांत पिल्लें उडूं लागलीं म्हणजे पुलाखालचा समुदाय पंधरा लाखांच्या घरांत जातो.

त्या दिवसांत सूर्य कलला कीं लोक नदीकांठच्या हिरवळीवर चादरी पसरूं लागतात. कोणी कणसें आणतो, कोणी चिवडा. पुलाच्या कठड्याला माणसांची रांग लागते. ‘आतां?’ असें मुलें दर दोन मिनिटांनीं विचारतात. उजेड मावळतो, पुलाखालून कुजबूज वाढते, आणि एकाएकीं धुराची वेटोळीं सुटावीं तसा काळा प्रवाह पूर्वेकडे वाहूं लागतो. बोलणारे गप्प होतात. किती तरी वेळ तो प्रवाह संपत नाहीं, आणि शेवटीं अंधारच इतका दाटतो कीं, तो संपला कीं दिसेनासा झाला, हें कळत नाहीं. हें रोज असेंच घडतें असें मात्र नव्हे. कांहीं संध्याकाळीं वटवाघळें पुरता काळोख होईपर्यंत थांबतात, आणि दीड तास बसलेल्या मंडळींना डोक्यावर नुसती पंखांची फडफड ऐकूं येते. मग चादरी झटकल्या जातात, रिकामे डबे पिशवींत जातात, आणि पुलावरून घरीं जातांना एखादें पोर पुढच्या रविवारचें कबूल करून घेतें.