चोरी झालेल्या घराचे शेजारी



ज्या घरी एकदा चोरी झाली, तिथे चोर पुन्हा फिरकत नाही, अशी समाजात सर्वसाधारण समजूत आहे. पोलीस पंचनामा करून जातात, शेजारीपाजारी दोन दिवस हळहळतात आणि ते कुटुंब नव्या कुलपासह एकटे उरते. ही समजूत किती घातक आहे, हे इंग्लंडमधील एका वसाहतीत १९८० च्या दशकात आकड्यांनिशी सिद्ध झाले.

मँचेस्टरनजीकचे रॉचडेल हे गाव आपल्या सहकारी कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे. १८४४ साली तिथल्या विणकरांनी व कारागिरांनी काढलेल्या दुकानापासून आधुनिक सहकाराचा आरंभ मानला जातो. याच रॉचडेलमधील कर्कहोल्ट ही दोन हजारांहून अधिक घरांची वसाहत प्रामुख्याने नगर परिषदेने भाड्याने दिलेल्या घरांची होती. १९८५ च्या सुमारास तेथे वर्षाकाठी दर चार घरांमागे साधारण एक घरफोडी होत असे.

सरकारच्या गृहखात्याने पोलीस, नगर परिषद, परिवीक्षा विभाग आणि केन पीझ यांच्यासारखे अपराधशास्त्रज्ञ यांना एकत्र आणले. त्यांनी आधी कुलपे वाटली नाहीत. आधी माणसांशी ते बोलले. ज्यांची घरे फुटली त्यांच्याशी, त्यांच्या शेजाऱ्यांशी आणि पकडलेल्या चोरांशीसुद्धा! त्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. जवळपास निम्म्या घरफोड्यांत वीज व गॅसच्या मीटरमधील पैसे गेले होते. ही मीटरे नाणी टाकून चालत. म्हणजे गरिबाच्या घरात वीज कंपनीची पेटी आणि चोराची सोय! दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांच्या चौपटीहून अधिक होती. चोराला वाट माहीत झालेली असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या आल्या असतील, हेही तो जाणतो.

मग सारी शक्ती चोरी झालेल्या घरांवर केंद्रित झाली. नाण्यांची मीटरे काढली गेली, दारे-खिडक्या पक्क्या केल्या गेल्या. आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा घरांना विनंती झाली : इकडे लक्ष असू द्या, संशयास्पद काही दिसल्यास कळवा. रेशीमकिड्याच्या कोषावरून या रचनेला नाव मिळाले. संपूर्ण वसाहतीला जागे करण्याचा भव्य संकल्प त्यात नव्हता. पाच-सहा दारांपुरते काम होते. ज्याच्या घरी घाला पडला, त्याला आधार सर्वप्रथम शेजाऱ्याचा मिळाला. आपल्या सोसायट्यांच्या सभांत वॉचमनच्या पगारावर तासभर वाद रंगतो. ज्याचे घर फुटले त्या कुटुंबाच्या समोरच्या बिऱ्हाडाला मात्र कोणी काही सांगत नाही.

परिणाम? १९८६ मधील ५२६ घरफोड्या १९८७ मध्ये २२३ वर आल्या. काही वर्षांत घट पाऊणपटीपर्यंत पोहोचली. पहिल्या काही महिन्यांत तर त्याच घरी पुन्हा चोरी होण्याचे प्रकार जवळजवळ थांबलेच. चोर शेजारच्या मोहल्ल्यांत गेले असतील, अशी शंका साहजिकच घेतली गेली; परंतु तसा मोठा पुरावा आढळला नाही. पुढच्या टप्प्यात गुन्हेगारांच्या कर्जबाजारीपणाकडेही लक्ष दिले गेले आणि वसाहतीत पतसंस्था उभी राहिली. रॉचडेलला ते शोभणारेच होते.

इतरत्र याच्या नकला झाल्या, पण यश सर्वत्र सारखे आले नाही. कर्कहोल्टची मीटरे कर्कहोल्टचीच होती. दुसऱ्या वसाहतीचे दुखणे दुसरे. निदान न करता उपाय उचलला की असेच घडते.

पुढे १९९८ मध्ये तेथे गुन्हे व अव्यवस्थाविषयक कायदा झाला. इंग्लंड व वेल्समधील नगर परिषदांना पोलिसांसह गुन्ह्यांचा आढावा घेणे त्याने बंधनकारक केले. दिवाबत्ती असो, घरदुरुस्ती असो वा उद्यान, आपल्या प्रत्येक कामाने गुन्ह्यांना आळा बसतो की वाव मिळतो, याचा विचार करण्याची जबाबदारी त्याच्या कलम १७ ने नगर परिषदांवर टाकली.